दुसऱ्या आवाजासाठी

कधी पारावर, कधी धुऱ्यावर फवारणीचा पंप उतरवून जरा टेकलो असताना, कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, तुमाले ह्या इंग्रजी गाण्यातलं समजते तरी काय जी?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. शब्द मला अर्धेमुर्धेच कळतात. मी ऐकतो ते त्यातल्या दुसऱ्या आवाजासाठी.

माझ्या मोबाइलवर बहुतेक वेळा वाजतो तो 'बिग स्टार' या बँडचा पहिला अल्बम, 'नंबर वन रेकॉर्ड'. साल १९७२. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली विशीच्या आसपासची चार पोरं: ॲलेक्स चिल्टन, क्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. चिल्टन तर सोळाव्या वर्षीच दुसऱ्या एका बँडबरोबर गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलेला. त्या काळात रॉक म्हणजे मोठाला आवाज आणि लांबच लांब गिटारवादन. या पोरांनी मात्र आपल्या शाळकरी वयातले बीटल्स, किंक्स, बर्ड्स हे बँड मनात धरले आणि छोटी, नेटकी, सुरेल गाणी बांधली. जुन्यावरचं त्यांचं प्रेम उसनं वाटत नाही. म्हणूनच ती गाणी आजही शिळी झालेली नाहीत.

आता मुद्द्याचं. मी लहानपणापासून आमच्या भजनी मंडळात गातो. राष्ट्रसंतांची भजनं, खंजिरी, टाळ. बुवा एक ओळ म्हणतो आणि आम्ही सगळे तीच ओळ, त्याच सुरात उचलतो. वीस गळे, पण सूर एकच. कोणाचा आवाज वेगळा ऐकू आला तर शेजारचा कोपर मारतो. त्या एकसुरात फार मोठी ताकद आहे, ती मी अंगावर अनुभवली आहे. पण याच्या पलीकडेही काही असू शकतं, हे या अल्बममुळे कळलं.

'द बॅलड ऑफ एल गुडो' या गाण्यात चिल्टन कडवं जवळजवळ एकटा गातो. कोरस, म्हणजे आपलं धृपद, येतो आणि चिल्टनच्या आवाजावर दुसरे आवाज चढतात. शब्द तेच, चाल तीच, पण सूर निराळे. मुख्य आवाज सा वर असेल तर दुसरा ग वर उभा, असं काहीसं. कोणी कोणात विरघळत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी ठाम असतो आणि तरीही गाणं एकच राहतं. मंडळात मी पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबून दाखवले, तेव्हा आमचे पेटीवाले काका बराच वेळ तेच तीन सूर धरून बसले. पेटी मुळात युरोपातूनच आलेली. हे तिच्या पोटात होतंच, आपण ते वाजवत नव्हतो.

बेल आणि चिल्टन हे दोन स्वभावही असेच होते. बेल एकेक आवाज घासूनपुसून बसवणारा, चिल्टन मोकळा, थोडा खरबरीत. बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनीसारखी दोघांनी गाण्यांवर जोडीनं नावं लावली. त्यांचे आवाज एकमेकांजवळ येतात, पण एक होत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं.

मेम्फिसही मला परकं वाटत नाही. ते कापसाचं शहर. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. म्हणजे तिकडच्या आणि इकडच्या कापसाची गाठ जुनीच. (अल्बममध्ये हमेलचं 'द इंडिया साँग' नावाचं गाणंही आहे, भारतात जाऊन राहण्याच्या स्वप्नाचं. ते मला बाकीच्यांइतकं भावत नाही.)

अल्बमचं पुढं जे झालं ते शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, पण रेकॉर्ड दुकानांत पोचलीच नाही. वितरण स्टॅक्स या सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या, संगीताच्या कंपनीकडे होतं, नंतर ते कोलंबियाकडे गेलं आणि माल आणखीच अडकला. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस घरात आणि गाडी मार्केटपर्यंत जाईना, तशी गत. १०,००० प्रतीही खपल्या नाहीत. बेल त्याच वर्षी बँड सोडून गेला आणि १९७८ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, मोटार अपघातात वारला. आर.ई.एम.सारख्या बँडनी पुढे 'बिग स्टार'चं ऋण मानलं, तेव्हा कुठं जगानं मागं वळून हा अल्बम ऐकला. बेलच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्हाला ऐकायचाच असेल तर 'थर्टीन'पासून सुरू करा. त्यात ड्रम नाहीतच. नुसत्या गिटारी आणि कोवळा आवाज, त्यामुळे मागचे सूर चटकन सापडतात. मग 'एल गुडो' लावा. कोरस आला की मुख्य आवाज सोडून द्या, वरचा धरा आणि त्याच्याबरोबर गाऊन बघा. पहिल्यांदा आवाज घसरून मुख्य सुरावर येईल, आमच्या मंडळात सगळ्यांचाच येतो. पुन्हा लावा.