चार काळे प्लग आणि दीड ओहमची कॉइल

गाडी १९७१ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं बी-सिरीज एंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी पाळीपाळीने चारही सिलिंडरना वाटणारा भाग. थंड असताना एका चावीत सुरू व्हायची, वीस मिनिटं झकास पळायची आणि मग मिसिंग सुरू, म्हणजे मधूनच सिलिंडर पेटत नसे. चढावर पाय दाबला की झटके. बंद केली तर अर्धा तास पुन्हा चालूच होत नसे. माझ्याकडे येईपर्यंत तीन वेळा स्पार्क प्लग बदलून झाले होते. शेवटच्या खेपेला कुणीतरी एका नंबराने जास्त गरम प्लग, एनजीकेचे बीपी५ईएस घातले होते आणि ठिणगी मोठी पडावी म्हणून प्लगच्या टोकाचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, १ मिमी ठेवला होता.

प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडले. चारही सारखेच काळे, कोरडे, बोटाला लागणारी काजळी. एकच काळा असता तर त्याची वायर किंवा व्हॉल्व्ह पाहिला असता. पुढचा कार्ब्युरेटर १ आणि २ ला पुरवतो, मागचा ३ आणि ४ ला, म्हणजे एका कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जास्त जात असतं तर काळी जोडी दिसली असती. दोन्ही एकदम बिघडणं कठीण, शिवाय दोन्हीकडचा चोक पुरता सुटत होता. चारही प्लगना सामाईक असतं ते कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारी), पॉइंट (तिचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथली ठिणगी शोषणारा) आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी वायरींना वाटणारा). तपास तिथूनच सुरू करायचा होता.

गरम आणि थंड प्लगबद्दल मोठा गैरसमज आहे. हा नंबर ठिणगीच्या ताकदीचा नसतो. प्लगच्या टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर जाते, एवढंच तो सांगतो. टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते, ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवर येतं. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनमध्ये उलट. कंपनी बदलताना इथेच गफलत होते. या एंजिनाला बीपी६ईएस किंवा चॅम्पियनचा एन९वायसी लागतो: १४ मिमीचे आटे, १९ मिमी लांबी, गॅप ०.६४ मिमी, म्हणजे २५ थाऊ (हजारांश इंच). काजळीवर गरम प्लग घालणं म्हणजे दुखणं झाकणं, आणि लांब वेगवान प्रवासात ते महागात पडतं.

कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. मीटरच्या वायरींचा ०.२ ओहम वजा करून प्रायमरी, म्हणजे कॉइलमधल्या बॅटरीकडच्या वेटोळ्याचा रोध, भरला दीड ओहम. या सालच्या गाडीला साधारण तीन ओहमची कॉइल हवी. दीड ओहमची कॉइल नंतर आलेल्या, रबर बंपर असलेल्या एमजीबीसाठी असते. तिथे वायरिंगमध्येच रेझिस्टन्सची वायर असते आणि चालू गाडीत कॉइलला कमी व्होल्ट मिळतात. इथे तसली वायर नव्हती. चावी चालू, पॉइंट मिटलेले, तरी कॉइलच्या प्लसला जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज. चार ॲम्पिअरच्या जागी आठ. कॉइलला हात लावून ठेवता येत नव्हता आणि पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ आलं होतं. तापलेल्या कॉइलची ठिणगी मंद, म्हणून काजळी. ‘एमजीबीची कॉइल’ म्हणून मागितली तर दोन्हींपैकी कुठलीही हातात पडू शकते, म्हणून साल आणि ओहम दोन्ही सांगावेत.

तीन ओहमची कॉइल लावली. नवे पॉइंट ०.३८ मिमीला बसवले. कंडेन्सरही बदलला, कारण तापल्यावर फसणारा कंडेन्सर थंड असताना चाचणीत निर्दोष दिसतो. गाडी अर्धा तास सुरेख चालली आणि चढावर पुन्हा तेच झटके. यावेळी मात्र कॉइल जेमतेम कोमट होती. कॉइलच्या मधल्या जाड वायरीतून करकरीत निळी ठिणगी पडत होती, प्लगच्या वायरींवर काहीच येत नव्हतं. मधे उरतात दोनच वस्तू, डिस्ट्रिब्युटरचं झाकण म्हणजे कॅप, आणि रोटर.

रोटरची चाचणी सोपी आहे. कॅप काढायची, रोटर जागेवर ठेवायचा, चावी चालू करायची. मधली वायर इन्सुलेटेड पकडीने धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून पाच मिमीवर ठेवायचं आणि मिटलेले पॉइंट लाकडी काडीने उघडायचे. रोटर चांगला असेल तर पट्टीवर ठिणगी पडत नाही, फार तर एक बारीकशी. इथे दर वेळी खणखणीत ठिणगी पट्टीवर उडत होती, म्हणजे करंट रोटरच्या आरपार थेट शाफ्टला जात होता. रोटर उलटा करून उजेडात धरला. पट्टीच्या रिव्हेटपासून आतल्या स्प्रिंगच्या खाचेपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. रिव्हेट लांब आणि त्याखाली प्लॅस्टिकचा थर अगदी पातळ, हा हल्लीच्या बऱ्याच बदली रोटरचा दोष आहे. रिव्हेट नसलेला घ्यावा, बहुतेक लाल रंगात मिळतो.

१ मिमीच्या गॅपने नेमकं इथेच नुकसान केलं. गॅप जितका मोठा, तितके उडी मारायला व्होल्ट जास्त लागतात, आणि तेवढे व्होल्ट चढले की करंट सर्वांत कच्ची जागा शोधतो. चढावर सिलिंडरमधला दाब वाढून ही गरज आणखी वाढते, म्हणून झटके चढावरच.

शेवटी जुळणी. प्लग बीपी६ईएस, हाताने पूर्ण बसेपर्यंत आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वायरी कार्बनच्या, सप्रेशनवाल्या (रेडिओची खरखर दाबणाऱ्या), म्हणून रेझिस्टरचा प्लग घेतला नाही. तांब्याच्या वायरी आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं तर बीपीआर६ईएस घेतला असता. फायरिंगचा क्रम १-३-४-२, वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. निगेटिव्ह अर्थची गाडी (बॅटरीचा मायनस बॉडीला), म्हणून कॉइलचा मायनस डिस्ट्रिब्युटरला. हे उलटं लागलं तरी गाडी चालते, पण प्लगला व्होल्ट जास्त लागतात. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब, कॅमवर ग्रीसचा नुसता हात. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सगळ्यात शेवटी, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून, कारण पॉइंटचा गॅप हलला की टायमिंगही हलतं.

पन्नास किलोमीटर चालवून, चढावर भरपूर ताणून प्लग पुन्हा काढले. चारही बदामी, कडा टोकदार. डिकीत रोटर आणि कंडेन्सरचा सुटा जोड ठेवला आहे, पण डबीतून काढून तसाच नाही: दोन्ही आधी गाडीवर तासभर गरम चालवून पाहिले, मगच पुडीत बांधले.