तिसरा घाणा : वीस लिटर समुद्र, ४०५ ग्रॅम मीठ

आज सकाळी तिसऱ्या घाण्याचं मीठ काट्यावर ठेवलं. वीस लिटर पाण्यातून ४०५ ग्रॅम. दाणा सुटा, चव नुसती खारट, मागाहून जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा अजिबात नाही. आधीचे दोन घाणे फुकट गेले होते, म्हणून या खेपेचं सगळं नीट लिहून ठेवते आहे.

पहिला घाणा जानेवारीत गॅसवर केला होता. पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला किलोमागे २९३ किलोज्यूल पुरतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ लागतात. उकळी फुटते तेव्हा खर्चाचा जेमतेम आठवा हिस्सा झालेला असतो! दहा लिटर आटवायला जवळजवळ किलोभर गॅस, आणि हाती मीठ पाव किलोच्या थोडं वर. तेव्हाच ठरवलं, वाफेचं बिल सूर्यानं भरायचं.

दुसरा घाणा उन्हात ठेवला आणि परात खडखडीत होईपर्यंत हलवली नाही. मीठ पांढरंशुभ्र दिसलं, डब्यात भरलं, आठ दिवसांत डब्याच्या तळाशी पाणी. शिवाय कडू. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण त्यातलं आपलं खायचं मीठ सुमारे २७ ग्रॅमच. बाकी मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम (कॅल्शियमचा क्षार), थोडं पोटॅशियम. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेत ३३ टक्के आर्द्रता असली तरी पाणी ओढून विरघळतं. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांपर्यंत तग धरतं. आपल्या किनाऱ्यावर ३३ टक्क्यांची हवा मिळणार कधी?

फेब्रुवारीत शिरोड्याला गेले होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातलं हे शिरोडे. तिथं मिठागरात जन्म काढलेल्या एका काकांना माझी तक्रार सांगितली. ते म्हणाले, "गो बाय, कडू पाणी वेळेर सोडून देवचा. मिठात सुकाक देवचा नाय." पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. पण वेळ ओळखायची कशी?

आगरात घनता बघायला काचेची तरंगती नळी वापरतात. माझ्याकडे ती नाही. मी शंभर मिलीचा मोजपात्रातला नमुना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलते. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून लांब, पाणी आणलं आणि सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळलं. तेव्हा शंभर मिलीचं वजन भरलं १०२.५ ग्रॅम. १६ मार्चला दोन पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेंमध्ये ओतलं, खाली काळं कापड. (स्टील नको, खाऱ्या पाण्यानं त्याला बारीक खड्डे पडतात.)

२३ मार्चला पाणी चार लिटरांवर आलं आणि शंभर मिलीच्या नमुन्याचं वजन ११२ च्या पुढे गेलं. ट्रेच्या कडेला बोट फिरवलं तर खरखर लागली. भिंगातून पाहिलं तर सुयांसारखे बारीक स्फटिक. हे जिप्सम. मीठ अजून पूर्ण विरघळलेलं असतं, म्हणून वरचं पाणी हलक्या हातानं दुसऱ्या ट्रेमध्ये काढून घ्यायचं. ही पायरी मी आधी दोन्ही वेळा वगळली होती.

२७ मार्चला दुपारी वजन १२१. पाणी दोन लिटरांहून थोडं कमी. आणि मग जे दिसलं त्यासाठी तासभर उन्हात बसून राहिले. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढा चौकोन उमटतो. त्याच्या भारानं पाणी किंचित दबतं, पण पृष्ठताण त्याला बुडू देत नाही. मग वरच्या कडांना नवा थर चढतो, चौकोन आणखी खाली जातो, पुन्हा कडेला थर. बघता बघता पाण्यात उलटा, आतून पोकळ पिरॅमिड लोंबकळतो, पायऱ्या मोजता येतील इतका रेखीव. वाऱ्याची झुळूक आली की कलतो आणि तळाशी जातो. हे बघायला मिळावं म्हणून तरी एकदा हा घाणा करा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. मीठ धरायला लागल्यावर पहिल्या रात्री ट्रे उघडा राहिला आणि सकाळी नमुन्याचं वजन उलट कमी भरलं. रात्री आर्द्रता ८४ टक्के होती. ७५ च्या वर हवा गेली की मुरलेलं खारं पाणी वाफ द्यायचं सोडून हवेतलंच पाणी प्यायला लागतं. तेव्हापासून सूर्य कलला की झाकण, सकाळी हवा कोरडी झाली की उघडायचं. पावसाळ्यात हा उद्योग का होत नाही, तर त्याला एकटा पाऊसच कारण नाही.

२ एप्रिलला वजन १२५ वर पोचलं. इथं थांबायचं. ट्रेमध्ये सहाशे मिली पाणी उरलं होतं, तेलासारखं जड, आणि जिभेला लावलं तर कडूजहर. ते बाटलीत ओतून घेतलं. मीठ रात्रभर फडक्यात टांगून निथळलं आणि मिठाच्याच संपृक्त पाण्यानं एकदा धुतलं. साध्या पाण्यानं धुवाल तर मीठही वाहून जाईल. संपृक्त पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, पण दाण्यांना चिकटलेलं कडू पाणी निघतं. हिशेबानं ५४० ग्रॅम मीठ असायला हवं होतं. कमी भरलेलं बरंचसं त्या बाटलीतच आहे. या मिठात आयोडीन नाही, त्यामुळे ते लोणच्या-मुरवणापुरतंच. रोजच्या भाजी-आमटीला विकतचं आयोडीनयुक्त.

आता सगळा जीव त्या बाटलीत अडकलाय. वीस लिटरांतलं जवळजवळ सगळं, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम मॅग्नेशियम तिच्यात आहे. चमचाभर कडू पाण्यात चुन्याची निवळी ओतली तर लगेच दुधासारखं गढूळ झालं आणि तासाभरात पांढरा साका बसला: मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. अमेरिकेत टेक्सासच्या फ्रीपोर्टला डाऊ कंपनीनं १९४१ मध्ये समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम धातू काढला, तेव्हा पहिली पायरी हीच होती आणि चुना होता कालवांच्या शिंपल्यांचा. कोकणातही शिंपल्यांच्या चुन्याच्या भट्ट्या होत्याच की! पिशवीभर शिंपले गोळा करून ठेवलेत. मातीच्या शेगडीत कोळशावर ते किती वेळ भाजावे लागतात, ते येत्या रविवारी कळेल.