तुम्ही विचारलंत म्हणून: हस्तिदंती रंजकदाणी आवडते कशी?

"मेलेल्या हत्तीचा दात, त्यातून वस्तू शिकारीची. तुम्हाला आवडते तरी कशी?" प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच, तेही मला रंगेहाथ पकडल्याच्या सुरात.

आवडते. लपवून काय करू? १७व्या शतकातली मुघल रंजकदाणी एकदा जवळून बघा. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीच्या कानात (बत्ती द्यायच्या भोकाशी) टाकायची बारीक दारू ठेवायला केलेली, कोयरीसारखी बाकदार. टोकाला काळवीट, कान मागे पाडलेले. त्याच्या मानेशी सिंह, सिंहाच्या अंगातून आणखी एखादं जनावर. एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं, कळत नाही. खटका दाबला की काळविटाच्या तोंडातून दारू पडणार. म्हणजे ज्याला मारायचं, त्याच्याच तोंडून! जहाँगिराने आत्मचरित्रात स्वतःच्या हातच्या १७,१६७ शिकारींचा हिशेब दिलाय. त्या काळची ही कला. सोवळी कुठून असणार?

एका वाड्यातल्या आजींनी फडताळातून अशीच एक काढली होती. खटका गेलेला, सशाचा कान तुटलेला. फोटो काढू दिला नाही. पुतण्याने किंमत विचारली. मी सांगितलं, विकता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६च्या दुरुस्तीपासून देशी हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वनखात्यात चौकशी करा. पुतण्याचा चेहरा पडला. आजी काही बोलल्या नाहीत, फडकं परत घट्ट गुंडाळलं. पुढे फोटोसाठी पुन्हा फोन केला तर पुतण्या म्हणाला, "काकूंनी नदीत सोडली. म्हणाल्या, म्हातारपणी पोलिसांचं लचांड नको." एवढं सांगून वर मलाच विचारतो, "चांगली होती का हो?"

मी सांगितलेला कायदा बरोबर होता. बंदी हवी, याबद्दल आजही दुमत नाही. मग राग कुणाचा येतो?

पूर्वी मी "वस्तूचा काय दोष" म्हणून मोकळी व्हायचे. आता ते जमत नाही; गिऱ्हाईक होतं म्हणूनच दात कापला गेला. सगळेच हत्ती काही दातासाठी मारले नसतील, असंही म्हणून पाहिलं. माझं मलाच पटेना. पण ती गाळात गेली म्हणून कुठला हत्ती उठून उभा राहिला?

परवा एकजण डब्यात घालून अशीच एक घेऊन आले. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग कायदा सांगितला.