तीन हिवाळे आणि एक ठासणीची रायफल

कणकवलीजवळच्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. रानडुकरांपासून भातशेती राखण्यासाठी आजोबांना तिचा परवाना मिळाला होता, आणि निवडणूक जाहीर झाली की ती जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा गेले, परवान्याचे नूतनीकरण कोणी केले नाही, आणि एका निवडणुकीनंतर बंदूक परत आलीच नाही. दारूचा वास, गजाचा नळीत उतरतानाचा आवाज आणि आजोबांचे तेलकट हात एवढेच माझ्याकडे राहिले. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीत स्थायिक झालो. तेथील एका संग्रहालयात काचेमागे सडपातळ, जवळजवळ माणसाच्या उंचीची ठासणीची रायफल पाहिली, तेव्हा तिच्यासमोरून माझा पाय निघेना. अशी एक रायफल आपल्या हातांनी करायची, असे मी त्याच दिवशी ठरवले.

ही रायफल या भूमीचीच आहे. अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी आपल्याकडच्या आखूड, जाड शिकारी रायफलीला येथल्या जंगलात हळूहळू लांब आणि बारीक केले. नळीला आतून पिळाचे आटे, गोळीभोवती तेलकट चिंधी, आणि ठिणगीसाठी गारगोटी अशी तिची रचना आहे. गारगोटीवर चालणाऱ्या बंदुकीला जुन्या मराठीत पथरकला म्हणत. ही त्याच कुळातली, मात्र आटे असल्यामुळे नेम धरणारी. जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) हे लँकेस्टरच्या कारागिरांतील फार मोठे नाव. लोक तिला केंटकी रायफल म्हणत असले, तरी अशा बहुतेक रायफली पेनसिल्व्हेनियातच घडल्या, आणि २०१४ साली या राज्याने तिला आपले अधिकृत शस्त्र म्हणून मान्यताही दिली. ती केवळ शोभेची वस्तू नाही. १९७४ पासून येथे गारगोटीच्या बंदुकीसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम आहे. त्याचा हिवाळी भाग नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला सुरू होतो. त्या दिवशी हातात असते ती एकच गोळी. दुसरी ठासेपर्यंत हरीण टेकडीपलीकडे गेलेले असते. मला हीच अट पटली.

आधी शिकारीच्या परवान्यासाठी सक्तीचा असलेला सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण केला. शस्त्राच्या कागदपत्रांची मला जास्त धास्ती होती, पण १९६८ च्या अमेरिकी कायद्याने अशा जुन्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकांना आधुनिक शस्त्रांच्या व्याख्येतून वगळले असल्यामुळे नळी सरळ टपालाने घरी आली. आजोबांच्या बंदुकीच्या पोलीस ठाण्यातील खेपा आठवून ते खोके मी बराच वेळ उघडले नाही.

काम शिकवायला एक निवृत्त कारागीर तयार झाले. त्यांनी पन्नास वर्षे अशाच रायफली घडवल्या होत्या. त्यांच्या अटी दोन होत्या: घाई करायची नाही, आणि ज्या भागाचे काम कळलेले नाही त्याला हात लावायचा नाही. दर शनिवारी सकाळी मी त्यांच्या कोठारातील कार्यशाळेत जाऊ लागलो. नळी, कळ म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, आणि पितळी ओतीव भाग तयार मिळतात. त्यांना एकत्र आणणारा दस्ता मात्र लाकडातून काढावा लागतो, आणि बाहेरून सोपे वाटणारे हेच काम तीन हिवाळे चालले.

दस्त्यासाठी येथे मेपलचे लाकूड वापरतात. ज्या झाडात तंतू लाटांसारखे वळलेले असतात, त्याच्या फळीवर वाघाच्या अंगावरचे पट्टे उमटतात. मी अशी एक सुंदर फळी एका विक्रेत्याकडून विकत घेतली. ती पूर्ण वाळलेली आहे, असे त्याने लेखी कळवले होते. माझ्या शिक्षकांनी फळी हातात तोलली आणि ती वर्षभर घरात उभी ठेवण्यास सांगितले. मी त्यांना विक्रेत्याचे पत्र दाखवले. त्यांनी वाद घातला नाही, आणि मी काम सुरू केले. दस्त्याच्या टोकाची पितळी टोपी मी इतकी नेटकी बसवली की बोटाला सांधा लागत नव्हता. पुढच्या जानेवारीत, घरातील कोरड्या उष्ण हवेत दोन महिने राहिल्यावर, पितळेची कड लाकडाच्या चहूबाजूंनी नखाच्या जाडीएवढी बाहेर आलेली दिसली. लाकूड आकसले होते. पितळ कानसून पुन्हा लाकडाच्या पातळीवर आणण्यात चार शनिवार गेले, टोपीचा घाट थोडा बारीक झाला, आणि सगळा दस्ता त्या नव्या मापाने पुन्हा रेखावा लागला. शिक्षकांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागले.

कळ बसवण्याचे काम मला सर्वांत प्रिय झाले. घोडा, कमान, रंजकाची म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या दारूची वाटी आणि तिच्यावरचे पोलादी पाते ज्या पट्टीवर असतात, ती पट्टी लाकडात अशी रुतवायची की तिच्या आणि लाकडाच्या मध्ये कागदही जाता कामा नये. त्यासाठी पट्टीला काळे फासून ती लाकडावर दाबतात, जेथे काळा डाग उमटेल तेथलेच लाकूड पटाशीने तासतात, आणि पुन्हा दाबतात. शिक्षक त्यासाठी रॉकेलच्या दिव्याची काजळी वापरत. मी घरी आईच्या पद्धतीने निरांजनावर पितळेची ताटली उपडी धरून, तिच्यावर काजळ धरून घेऊन गेलो. ते अधिक बारीक आणि तेलकट होते, आणि लाकडावरचा त्याचा ठसा अधिक स्पष्ट येत होता. दुसऱ्या शनिवारी त्यांनी ती डबी मागून घेतली. एका पट्टीसाठी शंभराहून अधिक वेळा डाग पाहून तासावे लागले असेल. मेपलच्या लाटांमुळे पटाशीची धार क्षणात तंतूंच्या उलट जाते आणि खपली उडते. अशी एक खपली उडाली, ती जमिनीवर शोधून पुन्हा जागेवर चिकटवली, आणि आज ती मलाही सहज सापडत नाही.

ही काटेकोर बैठक केवळ दिसण्यासाठी नसते. वाटीतल्या रंजकाची आग नळीच्या बाजूला पाडलेल्या बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोहोचते. आपल्याकडे या छिद्राला कान म्हणतात. तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या निकामी केल्याचे इतिहासात आपण वाचतोच. हा कान वाटीच्या काठाच्या पातळीवर आणि तिच्या लांबीच्या मध्यावर यावा लागतो. तो खाली गेला तर रंजक आधी वातीसारखे जळत जाते आणि गोळी सुटायला उशीर होतो. मागे-पुढे सरकला तर आगीची मुख्य झळ त्याला लागतच नाही. म्हणजे कळ लाकडात कोठे बसते यावरच कानाची जागा ठरते, आणि नळीला एकदा भोक पाडले की ती चूक मागे घेता येत नाही. इंचाच्या सोळाव्या भागाएवढे ते छिद्र पाडण्यापूर्वी मी तीन वेगवेगळ्या दिवशी खूण केली. तिन्ही खुणा एकमेकींवर आल्या, तेव्हाच शिक्षकांनी गिरमिट माझ्या हाती दिले.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी झाकणाची डबी असते. तिच्यात चरबी लावलेल्या चिंध्या ठेवतात. लँकेस्टरच्या जुन्या कारागिरांनी या डबीच्या टोकाला डेझीच्या फुलाचा आकार दिला, आणि त्यावरून त्यांची रायफल आजही ओळखू येते. ती पाकळ्यांची कापणी मी करवतीने आणि कानशीने केली. कोरीव कामाला आरंभ होण्याआधी सहा महिने मी केवळ पितळेच्या तुकड्यांवर रेषा काढत होतो. कोरणी हाताच्या तळव्यात धरून, अंगठा पत्र्यावर टेकवून पुढे ढकलायची असते. वळण घेताना हात वळवायचा नसतो, तर पत्राच फिरवायचा असतो. पितळ मऊ असते, पण चिकट. धार किंचित बोथट झाली तरी रेषेच्या कडेला कंगोरे उठतात. काठाची नक्षी तुलनेने लवकर जमते, कारण सपाट कोरणी डावी-उजवीकडे डोलवत पुढे नेली की नागमोडी दातेरी रेघ आपोआप उमटत जाते.

झाकणावर काय कोरायचे, यावर आमचा एकमेव खरा मतभेद झाला. मला आईच्या पैठणीच्या काठावरची असावली हवी होती, ती फुलापानांची अखंड वेल. शिक्षकांच्या मते लँकेस्टरच्या डबीवर लँकेस्टरचीच वेल शोभते, आणि दुसऱ्या देशाची नक्षी आणली की रायफल कोणत्याच घराची राहत नाही. त्यांचे म्हणणे मला तेव्हा कठोर वाटले, पण त्यात तथ्य होते, आणि म्हणून मी पैठणीचा काठ सोबत घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, आणि मग कपाटातून येथल्या जर्मन वंशीय शेतकरी कुटुंबांत रंगवल्या जाणाऱ्या जुन्या जन्मपत्रांच्या प्रती काढल्या. त्यांवर ट्यूलिपची वेल होती आणि वेलीवर पक्षी बसले होते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच असावलीच्या देठाची वळणे मोजली आणि ती झाकणाच्या निमुळत्या आकारात कशी बसतील हे कागदावर रेखून दिले. फुले मात्र मोजकीच ठेवायला लावली: मी नऊ काढली होती, त्यांनी पाच ठेवली. कोरीव कामात रिकामे पितळही काम करते, त्याच्यावाचून रेषा दिसत नाही, हे पाच फुले कोरून झाल्यावर मला डोळ्यांनी पटले. दस्त्याची दुसरी बाजूही त्यांच्या सांगण्यावरून साधीच ठेवली. गालाशी येणाऱ्या बाजूला फक्त चांदीचा आठ टोकांचा तारा आहे, आणि तो येथल्या जुन्या रायफलींवर सर्रास असतो.

नळीच्या वरच्या पैलूवर कारागिराचे नाव कोरण्याची रीत आहे. मी रोमन अक्षरे गिरवली होती. शिक्षकांनी विचारले की तुम्ही आईला पत्र कोणत्या अक्षरांत लिहिता. मी देवनागरीत कोरले. लोखंडावर देवनागरी अवघड जाते, कारण शिरोरेखेची सरळ ओळ नळीच्या काठाशी समांतर राहिली नाही तर संपूर्ण नाव कललेले दिसते. म्हणून मी शिरोरेखा आधी कोरली आणि अक्षरे तिला खालून टांगली. शाळेत आम्हाला उलटे शिकवले होते.

रंगकाम त्या मानाने लवकर उरकले. लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल मोकळ्या हवेत, हातमोजे घालून दस्त्यावर लावले. लाकूड आधी हिरवट पडले, आणि उष्णता देताच तांबूस तपकिरी होऊन त्यातले पट्टे जागे झाले. पुढे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात, दोन हातांमध्ये काही दिवस सोडून. नळी आठवडाभर दमट हवेत मुद्दाम गंजवली, रोज घासली, आणि ती जांभळट तपकिरी झाल्यावर गंज थांबवला.

पहिला बार रायफल जुन्या टायरला बांधून, चापाला दोरी लावून, झाडामागून काढला. नळी आणि कळ नीट तपासून झाल्यावर दुसरा खांद्यावरून. चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा क्षण आधुनिक बंदुकीपेक्षा जाणवण्याइतका मोठा असतो, आणि त्या क्षणात डोळ्यांसमोर आग होत असताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलू द्यायची नाही, हे शिकण्यातच पूर्ण उन्हाळा गेला. शरद ऋतूपर्यंत पन्नास यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडू लागल्या. त्याहून दूर हरणावर बार काढायचा नाही, ही मर्यादा मी तेव्हाच स्वतःला घालून घेतली.

२६ डिसेंबरला सरकारी शिकारवनात पहाटेपासून बसलो. बर्फ भुरभुरत होते. आठच्या सुमारास एक मादी तीस-पस्तीस पावलांवर आली. घोडा पडला, ठिणग्या उडाल्या, आणि काहीच झाले नाही. वाटीतले रंजक ओलावून त्याचा काळा चिखल झाला होता. मादी क्षणभर माझ्याकडे पाहून चालती झाली. मी नळीचे तोंड मोकळ्या दिशेने ठेवून काही वेळ थांबलो, वाटी पुसली, कान पिसाच्या देठाने साफ केला, नवे रंजक घातले, आणि त्यानंतर दर वीस मिनिटांनी ते बदलत राहिलो. दुपारी तीनच्या पुढे दुसरी मादी त्याच वाटेने आली आणि आडवी उभी राहिली. धुरातून मला काही दिसले नाही. धूर विरला तेव्हा ती साठ पावलांवर बर्फात निश्चल पडली होती.

मांसाचा अर्धा वाटा शिक्षकांकडे नेला. त्यातला काही भाग मी मालवणी मसाल्यात शिजवून नेला होता, आणि तो त्यांनी दोनदा वाढून घेतला. जेवणानंतर त्यांनी रायफल मांडीवर घेऊन कळ काढली, खोबणीत डोकावून पाहिले, आणि पुढच्या रायफलीसाठी लाकूड कोठे आहे असे विचारले.

पुढच्या रायफलीची फळी आता माझ्या अभ्यासिकेच्या कोपऱ्यात उभी आहे. ती घेतली तेव्हा विक्रेत्याने काय लिहून दिले ते मी वाचलेही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिचे वजन करतो आणि तारखेसह खडूने तिच्यावरच लिहितो. गेल्या महिन्यात ते आणखी ४० ग्रॅमने उतरले, म्हणून पटाश्या अजून खोक्यातच आहेत.