अंगणातली इकडची रुई

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण आमच्या शिकागोच्या उपनगरातून प्रेअरी बघायची तर गाडी काढावी लागते. पुरुषभर गवताची, रानफुलांची ती कुरणं १८३७ मध्ये जॉन डिअरचा पोलादी नांगर आल्यावर भराभर मक्याखाली गेली. उरल्या जागेत आम्ही, आमची घरं आणि सारखं कापावं लागणारं लॉन.

त्या लॉनचा एक तुकडा उकरून मी बटरफ्लाय मिल्कवीड लावलंय. झाड गुडघ्याएवढं, जूनपासून झळझळीत केशरी झुबके. कूळ आपल्या रुईचंच. फूल जवळून पाहिलं की पटतं: पाच पाकळ्या खाली दुमडलेल्या, मधोमध छोटा मुकुट. शेंग उकलली की त्याच रेशमी म्हाताऱ्या उडतात. पांढरा चीक मात्र याला नाही.

गावी रुई कुणी मुद्दाम लावत नाही. शनिवारी मारुतीला माळ हवी की बांधावरून पानं आणायची. इथे बियांचे लाड! महिनाभर ओल्या वाळूत, फ्रिजमध्ये. हिवाळा सोसल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. “अगं, ही माती कोथिंबिरीशेजारी कशाला?” सासूबाईंनी आल्या आल्या विचारलं.

एकदा जमिनीत गेलं की मग काही मागत नाही. खत नको, पाणी जेमतेम. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती तेवढी सोसत नाही, म्हणून ड्राइव्हवेकडचा उतार दिला. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे जागा बदलायची नाही. वसंतात उठतंही सगळ्यांच्या शेवटी. जुनी खोडं मी छाटत नाही ती यासाठीच, नाहीतर मेलं समजून तिथेच कुदळ पडायची.

पानामागे टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं दिसलं, की मोनार्क फुलपाखरू येऊन गेलं समजायचं. त्याच्या पट्टेरी अळीला मिल्कवीडशिवाय काही चालत नाही. पानांची चाळण झाली तर होऊ दे, लावलंय त्यासाठीच. उन्हाळा सरताना निघालेली फुलपाखरं इथून थेट मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. पिवळा मावाही येतो, रुई-कण्हेरीवरचाच. तो पाण्याच्या फवाऱ्याने उडवते. औषध मारलं तर अळ्याही जातील.

“आम्हाला बिया पाठव” म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं: नाही. एकतर बिया अशा पाकिटातून पाठवता येत नाहीत. आणि तिकडच्या नर्सरीत याचंच भावंड, हळदीकुंकू, मिळतं. तेही अमेरिकेकडूनच आलेलं. पण कुंपणाला फुकटची रुई असताना ते तरी कशाला आणायचं?