नकाशात ओल, वावरात फुफाटा: काटोल-नरखेडची फेरी

नागपूरहून काटोल-नरखेडकडे मातीतली ओल बघायला निघणार असाल तर आधी एवढं ऐका: चारचाकी डांबराखाली उतरवू नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे. जलालखेड्याच्या अलीकडे ज्या पांदणीत, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेत, आमची भाड्याची जीप रुतली, ती मोबाईलच्या नकाशात चांगला रस्ता म्हणून दिसते. फाट्यावरच्या टपरीत विचारलं तर "जाते जी, आरामात जाते" असं उत्तर मिळालं. जाते, पण बैलबंडी. आणि तीही उन्हाळ्यात.

त्या पांदणीवर येतोच. आधी तिकडे कशाला कडमडलो ते सांगतो.

उपग्रहावरून मातीतला ओलावा दाखवणारे नकाशे आता कोणालाही फुकट बघता येतात. युरोपचा स्मॉस २००९ मध्ये वर गेला, नासाचा स्मॅप २०१५ मध्ये. त्याआधीच्या उपग्रहांची आकडेवारी सांधून युरोपीय अवकाश संस्थेने १९७८ पासूनची मालिकाही केली आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपल्या भागाची माती कोरडी होत चालली की ओली, हे घरबसल्या कळतं असं वाटायला लागतं. जूनच्या शेवटाला दोन दणकून सरी आल्या आणि नकाशात अख्खा पश्चिम नागपूर तपकिरीचा हिरवा-निळा झाला. इकडे पेरण्यांची धांदल सुरू होती. म्हटलं, ही ओल खाली किती गेली ते खणून बघू.

कळमेश्वर ओलांडल्यावर पहिल्याच वावरात नकाशाची हवा गेली. वरची चार बोटं माती ओली, हाताला चिकटणारी. त्याखाली वीतभर ढेकळं, कोरडीठाक. सब्बल मारली तर टणटण आवाज. पण त्याच खड्ड्याच्या एका कडेला जुनी भेग होती, आणि तिच्या तळाशी हातभर खाली माती पुन्हा ओली! पावसाचं पाणी भेगेतून सरळ खाली उतरलं होतं आणि मधला थर तसाच तहानलेला राहिला होता. काळ्या चिकणमातीत हे दर जूनला होतं. तिच्यातली स्मेक्टाइट जातीची चिकण सुकली की आकसते, भिजली की फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या पावसात पाणी गिळतात, आणि एकदा माती फुगून त्या मिटल्या की पुढचा पाऊस मुरायला फार वेळ घेतो. उरलेला नाल्याला लागतो.

आता नकाशा खोटा होता का? नव्हता. स्मॅप वरचे साधारण पाच सेंटिमीटर बघतो. ती चार बोटं खरंच ओली होती. घोळ असा की त्याचा मूळ चौकोन, म्हणजे ज्या तुकड्याला मिळून एकच आकडा मिळतो तो, ३६ किलोमीटरचा. कळमेश्वर ते काटोल हा सगळा पट्टा अशा एका चौकोनात मावतो. नाल्याकाठची भारी काळी, टेकाडावरची मुरमाड बरड, ओलिताची संत्राबाग, गाव, तलाव, सगळ्यांची मिळून एक सरासरी, एक रंग. बारीक चौकोनांचे नकाशेही मिळतात, पण ते बरेचसे गणिताने बारीक केलेले असतात. बरडीवर आणि काळीत एकाच दिवशी खणून बघा, मग त्या रंगावर किती विसंबायचं ते कळेल.

वावराचे मालक धुऱ्यावर बसून आमचा खटाटोप बघत होते. म्हणाले, "हे वरची ओल हाय जी. खाली काईच नाई. मी अजून पेरलं नाई ते काहून?" कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेजारच्या वावरात सोयाबीन टोचून झालं होतं. आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली की तिथं दुबार पेरणी ठरलेली.

आता ती पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी, मधून बंडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या, त्यांत पाणी. पहिले पन्नास पावलं ठीक. मग मागचं चाक जागीच फिरायला लागलं. भिजलेली काळी माती साबणासारखी. चाकाखाली दगड टाकले, ते गिळले. बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्याही गिळल्या आणि काटे आमच्या तळहातात राहिले. ड्रायव्हर म्हणे गाडी हलकी करा. आम्ही गिरमिट, सब्बल, पाण्याचे डबे, मातीच्या डब्या सगळं डोक्यावर घेऊन चिखलातून बाहेर नेलं. बुटाला किलो-दीड किलो माती. वर ऊन, आणि हवा अशी कोंदट की सदरा पिळून घ्यावा. दुपार गेली तरी गाडी होती तिथेच.

मग एक ट्रॅक्टरवाला आला. योगायोगाने आला असं मी मानत नाही, कारण आमच्याकडे बघून तो आधी शांतपणे तंबाखू मळत बसला. अडीच हजार मागितले. घासाघीस करून दोन हजारांवर आला. अर्ध्यात दोर तुटला, तर दोराचे दोनशे वेगळे. ढगांत गडगडाट सुरू झालेला, पांदणीत अडकलेला माणूस किती भाव करणार? त्या दोनशे रुपयांचा राग अजून गेलेला नाही. जायचंच असेल तर गाडी डांबरावर ठेवा, गावातून बंडी किंवा ट्रॅक्टर आधीच ठरवा, आणि दर ठरवताना चार माणसं हजर ठेवा. नाहीतर सरळ चाला. पांदण चालायला दीड-दोन किलोमीटरच आहे.

खरं तर गाडी हवीच कशाला? नागपूर-इटारसी रेल्वेवर कळमेश्वर, काटोल, नरखेड तिन्ही स्टेशनं आहेत, एसटी आहे. स्टेशनपासून पुढं दुचाकी मिळवा. जीपवाल्याने दिवसाचं भाडं पूर्ण घेतलं, रुतलेल्या तासांसकट. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

नरखेडकडे गेलात तर वेगळाच चकवा आहे. संत्रा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि नरखेड, वरूड, मोर्शी हा त्याचा गाभ्याचा पट्टा. हाच पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठीही ओळखला जातो. दुसरे काही उपग्रह ओलीऐवजी झाडांचा हिरवेपणा मोजतात आणि बाग तर हिरवीगार दिसते. ती हिरवी आहे बोअरच्या पाण्यावर, ठिबकच्या नळीवर. भरीला ठिबकचं ओलं वर्तुळ झाडाच्या बुंध्याभोवती तेवढंच. तिथं खणलं तर वाटतं काय सुंदर ओल आहे, आणि दोन ओळींच्या मधे खणलं तर फुफाटा. बागेत ओल बघायची तर दोन्ही जागी खणा, आणि विहिरीत डोकावून पाणी किती खाली आहे ते विचारा. तीस वर्षांपूर्वी मोट किती हातांवर लागायची हे घरातल्या आजोबांना विचारा. दुष्काळाचा कल मला त्या उत्तरांत दिसला, नकाशाच्या रंगात दिसला नव्हता.

ताणाचंही लक्षात ठेवा. संत्र्याला बहार, म्हणजे फुलं, यावीत म्हणून शेतकरी मुद्दाम पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत, मृग बहाराला मे महिन्यात. भारी जमिनीत ताण जास्त दिवस द्यावा लागतो, कारण ती पाणी सोडतच नाही. मे महिन्यातली कोरडी बाग बघून "दुष्काळ, दुष्काळ" करत फोटो काढणारे लोक मी बघितलेत. आधी बहार विचारा.

ओलाव्याच्या आकड्यांबद्दल. माती डबीत भरून लगेच झाकण लावा, ओलं वजन घ्या, मग भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन. फरक म्हणजे पाणी. पण काळ्या मातीत शंभर ग्रॅम कोरड्या मातीमागे वीस ग्रॅमच्या आसपास पाणी असलं तरी पीक माना टाकतं, कारण चिकण ते पाणी घट्ट धरून ठेवते. रेताड जमिनीत त्याच्या निम्मं पाणीही पिकाला चालतं. म्हणून निव्वळ टक्केवारी लिहून आणू नका, माती कोणती ते आधी लिहा. शिवाय उपग्रहाचा आकडा घनफळातला असतो, डबीचा वजनातला. मातीची घनता धरून गुणाकार केल्याशिवाय दोन्ही शेजारी मांडणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

हे सगळं हौसेचं वाटत असेल तर २०१८ आठवा. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्याकडचे काटोल, कळमेश्वर, नरखेड होते. पूर्वी पैसेवारीवर, म्हणजे पीक किती आलं याच्या अंदाजावर भागायचं. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाच्या तुटीनंतर पिकांची स्थिती, उपग्रहाचे निर्देशांक, मातीतला ओलावा आणि पाणीसाठे असं बघतात, मग तालुक्यातल्या दहा टक्के गावांत जाऊन पडताळणी. बाकीच्या नव्वद टक्क्यांचं काम चौकोनांवर. ज्याचं वावर बरडीवर आणि गाव चौकोनात, त्याचं काय व्हायचं ते होतं.

आणि पाऊसही पूर्वीसारखा वागत नाही. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोसमी पाऊस एकंदर घटला आणि त्याच काळात मोठ्या टापूवरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं. काळ्या मातीला हे सगळ्यात वाईट. फुगून मिटलेल्या मातीवर धो-धो कोसळलेला पाऊस बेरजेत दिसतो, मुळाशी पोचत नाही. वर्षाची सरासरी गाठली म्हणून खूश होणाऱ्यांनी ऑगस्टच्या खंडात सोयाबीनच्या वावरात खणून बघावं.

सामानाचं थोडक्यात. स्क्रूचं गिरमिट कोरड्या काळीत चालत नाही, अडकून बसतं. सब्बल, कुदळ, फावडं न्या. गमबूट अजिबात नकोत, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. घट्ट लेसचे कापडी बूट बरे. भेगांत हात घालू नका, विंचू असतात, साप असतात. वीज कडाडली की बाभळीखाली उभं राहायचं नाही, ढग दूर वाटला तरी. पाणी माणशी चार लिटर. तालमीतले असाल तरी जूनच्या कोंदट उन्हात तीन खड्ड्यांनंतर हात उठत नाही, तेव्हा दिवसाला दहा खड्ड्यांचे बेत आखू नका.

रामटेक-मौद्याकडेही गेलो. पेंचचं कालव्याचं पाणी, धानाच्या बांध्या, खिंडसीचा तलाव, उत्तम जेवण. दख्खनचा कातळ नागपूरपाशी संपतो, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, आणि पूर्वेला माती बदलते. दिवस छान गेला, पण ओलावा बघायला तिकडे जाण्यात अर्थ नाही. कालव्याखाली सगळंच ओलं.

पुन्हा जाईन तो ऑक्टोबरात. पाऊस परतलेला असतो, पांदण वाळलेली असते आणि हरभरा पेरायचा की नाही हे शेतकरी खालच्या ओलीवरच ठरवत असतो, त्यामुळे खणायला कोणी नाही म्हणत नाही. जूनमध्ये जायचंच असेल तर पेरलेल्या तासांत पाय टाकू नका, विचारल्याशिवाय सब्बल मारू नका, आणि खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर, पायाने दाबून. आमच्या आधी कोणीतरी एका धुऱ्याशी खड्डा उघडा टाकून गेलं होतं, त्यात बैलाचा पाय मुरगळला. त्या गावात आम्हाला वावरात शिरूच दिलं नाही.