चौदा हा वर्ग नाही

नौपाड्यातल्या क्लासमध्ये ऑलिंपियाडच्या मुलांना मी दर शनिवारी एक गणित घरी देतो. त्या शनिवारचं माझं लाडकं होतं. तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ बाकं, प्रत्येकावर एक मूल. घंटा झाली की जागेवरच राहायचं, नाहीतर पुढच्या, मागच्या, डाव्या किंवा उजव्या बाकावर जायचं. तिरकं नाही. शेवटी पुन्हा एका बाकावर एकच मूल. असे प्रकार किती?

एकच ओळ असेल तर फिबोनाचीच्या संख्या येतात: १, २, ३, ५, ८, म्हणजे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. मात्रावृत्तं मोजताना जैन आचार्य हेमचंद्रानं सांगितल्या त्याच. ओळीत शेजाऱ्याशी अदलाबदल एवढंच शक्य असतं. जाळीत मात्र फेरा धरून फिरता येतं, तेही दोन दिशांनी, आणि तिथेच मोजणी निसटते.

माझी मोजणी अशी: नुसत्या अदलाबदली (कुणीच न हलणं धरून) १३१, चार बाकांचा फेरा असलेले ६४, सहाचे २४, कडेच्या आठ बाकांचा फेरा २. एकूण २२१.

कळव्याहून येणाऱ्या एका मुलीनं २२९ लिहिलं होतं. खाली रीत नाही, फक्त दोन थरांचं चित्र. मी लाल फुली मारली. चित्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी क्लास सुटल्यावर ती थांबली. "सर, एक दाखवू?" पिशवीत धाकट्या भावाचे लाकडी ठोकळे, दोन-दोन चिकटवलेले. शेजारच्या वर्गातले सर डोकावून म्हणाले, हे परीक्षेला येत नाही. परीक्षेला येतं तेवढंच गणित, हा समज आम्ही क्लासवाल्यांनीच पसरवलाय.

तिनं बाकं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी धरली होती. काळ्यावरून पांढऱ्यावर जाणाऱ्याचा ठोकळा खालच्या थरात आडवा, पांढऱ्यावरून काळ्यावर जाणाऱ्याचा वरच्या थरात आडवा. जागेवर राहणाऱ्याचा उभा, दोन्ही थरांतून. नऊ मुलांचे नऊ ठोकळे, आणि ३×३×२ची पेटी काठोकाठ भरते! प्रत्येक हालचालीची एकच भरणी, प्रत्येक भरणीची एकच हालचाल. एकदा उभे ठोकळे ठरले की दोन्ही थरांत उरलेली जागा हुबेहूब सारखी. खाली जितके प्रकार तितकेच वर, म्हणून गुणाकार दर वेळी पूर्ण वर्ग. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला सुचलं नव्हतं.

"सर, फक्त कोपऱ्यातलं एक मूल जागेवर राहिलं, तर तुमचे किती होतात?"

मी फळ्यावर मोजले. चौदा.

"पण चौदा हा वर्ग नाही ना, सर."

कोपरा सोडून उरलेल्या आठ घरांत चार ठोकळे चार प्रकारे बसतात. चार चोक सोळा. माझे सुटलेले दोन म्हणजे मधल्या बाकावरून वळण घेणारा आठ बाकांचा फेरा, दोन दिशांनी. आठांचा फेरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे फक्त कड होती. कोपरे चार, म्हणून आठ कमी. २२९ बरोबर.

मी तिची वही मागितली, फुली खोडायला. तिनं आधीच २२९वर रेघ मारून खाली नीटस अक्षरात २२१ लिहिलं होतं, बाजूला "दुरुस्ती". ठोकळे जुळत होते तरी आठवडाभर तिनं माझंच उत्तर खरं मानलं होतं, आणि कुठे चुकलं ते शोधत बसली होती.

हे गणित मी सहा वर्षं देतोय. फळ्यावरचं २२१ प्रत्येक तुकडीनं उतरवून घेतलं, एकानंही विचारलं नाही. जुन्या वह्यांतून नंबर काढून त्या मुलांना फोन करतोय. काल रात्रीपर्यंत अकरा झाले.